दिंडोरीची रिस्लिंग, दिवाळे गावच्या ओट्यावर

दिंडोरीहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर बाटल्यांचा खोका ठेवला होता आणि त्याला माणसासारखा पट्टा लावला होता. बायको फाटकाशी उभी होती. म्हणाली, "वाशीचं काम झालं की वैनींकडे जेवून या. नेहमीसारखं हॉटेलात खाऊन परत फिरू नका."

"बघू," म्हटलं.

दादूस (थोरला भाऊ) गेल्यापासून मी असंच "बघू" म्हणत आलोय. नवी मुंबईत काम निघतं, मी वाशीपर्यंत जातो, काम उरकतो आणि बेलापूरकडे गाडी न वळवता घाट चढून परत येतो. गणपतीला तेवढा तासभर जातो. पेढे ठेवतो, पाया पडतो, निघतो. बायकोला हे दिसत होतं. का, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

आपल्याकडच्या मंडळींना मी वाइन बनवणारा म्हणून माहीत आहे. मूळचा कुठला, हे फारसं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. मी दिवाळे गावचा कोळी. बेलापूरच्या अंगाला, खाडीच्या काठावर आमचं घर. वडील मासेमारी करायचे, दादूसनेही तीच केली. मी रसायनशास्त्र शिकलो, द्राक्षांच्या मुलखात आलो आणि इथलाच झालो. आमच्या छोट्या वायनरीत मी जी वाइन जीव लावून बनवतो ती रिस्लिंग. हे द्राक्ष थंड देशातलं. आपल्या उन्हात ते बिचारं घाईघाईत पिकतं, आंबटपणा सोडून द्यायला बघतं. म्हणून ते जरा लवकर, ऊन चढायच्या आत तोडायचं, गार ठेवायचं, आणि त्यातली सगळी साखर संपेपर्यंत आंबू द्यायचं. गोडी अजिबात उरत नाही. तिलाच ड्राय म्हणतात. पहिल्या घोटाला लोक तोंड वाकडं करतात. दुसऱ्याला गप्प होतात. तिसरा मागून घेतात.

कसाऱ्याचा घाट उतरलो आणि गाडीचा एसी बंद पडला. बाहेर आषाढातली उघडीप, म्हणजे ऊन नाही आणि वाराही नाही, नुसती वाफ. भिवंडीच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अडकलो तेव्हा मागे हात घालून खोका चाचपला. बाटल्या कोमट लागल्या. कोमट रिस्लिंग म्हणजे गॅस गेलेला लिंबू सोडा. वाशीतल्या हॉटेलात दुपारी मंडळी चाखायला बसणार होती, आणि मी त्यांच्यापुढे ही कढी ठेवणार होतो.

कळवा सोडून दिघ्याला आलो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला एक मावशी मासे घेऊन बसली होती. पुढ्यात पाटी, शेजारी थर्माकोलचे दोन खोके. मी गाडी थांबवून बर्फ मागितला.

"मासली घ्यायची नाय, खाली बरफ पायजे?"

"बाटल्या गार करायच्यात."

"कसल्या? औषध हाय?"

"वाइन आहे."

"म्हंजे दारूच ना. मंग लाजतोस कशाला?"

तिने एक खोका अर्धा रिकामा केला. पापलेटं एका अंगाला सारली. "ठेव यांच्या बाजूला. वास लागला त माझ्या नावानं बोंबलू नको." मी बाटल्या लावल्या, आणि तिचा मान राखायचा म्हणून थोडी कोळंबीही घेतली. ती तोलत असताना विचारलं, "कोन गावचा तू?"

"नाशिकचा."

"नाशिकचा नायस." ती माझ्या हाताकडे बघत होती. मी नकळत एक कोळंबी उचलून उलटी धरली होती आणि पोटाकडून बघत होतो. "नाशिकचा मानूस कोलंबी अशी नाय धरत. तोंड नाशिकचं असंल तुझं, हात आमचाच हाय."

मी हसलो. गाव सांगितलं नाही. मावशीने पापलेटं दुसऱ्या खोक्यात हलवली; मी बर्फाच्या खोक्याचे पैसे दिले, तो उचलला आणि निघालो. पण रबाळे, घणसोली, कोपरखैरणे मागे पडेपर्यंत स्टिअरिंगवरच्या त्या हाताकडे लक्ष जात राहिलं.

वाशीच्या हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर एका हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं मांडली होती. जमलेले आठ-दहा जण. हॉटेलची खरेदी बघणाऱ्या मॅडम, त्यांचा शेफ, आणि महिन्यातून एकदा जमून वाइन चाखणारा नेरुळ-सानपाड्याकडचा एक गट. त्यात एक निवृत्त इंजिनियर होते, पांढऱ्या मिश्यांचे. मी पहिली बाटली काढली आणि शेफने नाक वर केलं.

"सर, पेअरिंग आधीच करून आणलंय वाटतं. पापलेट?"

सगळे हसले. मीही हसलो. बाटल्या पुसून घेतल्या.

तीन पेले प्रत्येकासमोर. पहिल्यात यंदाची रिस्लिंग: लिंबाची साल नखाने खरवडावी तसा वास, तोंडात कैरीची फोड, जबडा आवळतो आणि मग सुटतो. दुसऱ्यात जरा जुनी. तिच्यात भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येतो, पण जिभेवर गोडी शोधायला जावं तर तिथे काहीच नसतं. तिसऱ्यात सगळ्यात जुनी. त्या सालच्या आता फार थोड्या बाटल्या उरल्यात.

इंजिनियरसाहेबांनी तिसरा पेला हुंगला आणि खाली ठेवला. "अहो, ह्यात रॉकेल आहे."

"भेसळ झाली का?" मॅडमनी विचारलं.

नाही, म्हटलं. ही या द्राक्षाची जातच आहे. सालीवर ऊन पडतं, त्यातून एक गोष्ट तयार होते आणि बाटलीत वर्षं गेली की ती असा वास देते. थंड देशात त्याला फार वेळ लागतो. आपल्या उन्हात लवकर येतो. काही लोक याला दोष म्हणतात, काही लोक यासाठीच पैसे मोजतात.

"मी मोजणार नाही," इंजिनियरसाहेब म्हणाले. पण त्यांनी पेला पुन्हा उचलला. परत हुंगला. आणि मग म्हणाले, "आई स्टोव्हला पिन मारायची ना, तेव्हाचा वास आहे हा. अगदी तोच. चाळीत संध्याकाळी सगळ्यांच्या दारातून यायचा."

झालं. हॉलभर स्टोव्ह पेटले. कुणाला वातीचा आठवला, कुणाला पंपाचा. कुणाला रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं, कुणाला डबा सांडला म्हणून खाल्लेला मार. मॅडमची आजी म्हणे हाताला तो वास लागलेला असायचा त्याच हाताने भात कालवून भरवायची, आणि भातालाही यायचा. मॅडमनी पेला पुन्हा नाकाशी नेला. पन्नाशी-साठीची माणसं, एकेक घोट घेऊन आपापल्या स्वयंपाकघरात गेली होती. आजवर इतक्या ठिकाणी वाइन ओतली, असं कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला काय आठवतं?" शेफने विचारलं.

"कंदील," मी म्हणालो. आणि घोट तोंडात फिरवून चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे भांड्यात थुंकला. पुढे बोललो नाही.

पण तुम्हाला सांगतो.

होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) आमचा एक कंदील असायचा. वडील, दादूस आणि मी पहाटेच्या भरतीला निघायचो. तेव्हा बेलापूरच्या बाजूला मिठागरं होती, पांढरे ढीग अंधारातही दिसायचे. उंच इमारती नव्हत्या. तिवरांच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या) रांगेवरून वळायचं. दादूस कंदिलात घासलेट ओतायचा, माझ्या पायावर चार थेंब सांडायचे आणि मी दिवसभर त्याचा वास घेऊन शाळेत बसायचो. पोरं नाक धरायची. मला लाज वाटायची. आज तो वास मी बाटलीत भरून विकतो.

दादूस दिंडोरीला एकदाच आला. आमच्या गावात मी म्हणजे "मोरू दारूच्या कारखान्यात आहे" एवढंच. वडील तर चारचौघांत विषय काढायचे नाहीत. दादूसला मी टाक्या दाखवल्या, बाग दाखवली, मग ही जुनी रिस्लिंग पेल्यात दिली. त्याने पहिल्यांदा बोट बुडवून चार थेंब जमिनीवर शिंपडले, गेलेल्यांसाठी, जशी आमच्यात रीत आहे. मग हुंगलं. आणि माझ्याकडे बघून हसला. "आरं मोरू, यात आपला कंदील हाय."

ते ऐकताना माझ्या मालकांनी, बायकोने, कुणीही कधी न दिलेली शाबासकी मला मिळाली, असं मला वाटलं. त्या शाबासकीची मला नंतर चटक लागली.

दादूसला कावीळ झाली. आधीपासून तो गावठी पीत होता, ते सगळं यकृतात साठलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे थेंबही नाही. आणि त्याने खरंच सोडली. सुमनवैनी मला फोनवर सांगायची, "भावजी, आता घरात भजन चालू असल्यासारखं वाटतं." मग एक दिवस त्याचाच फोन आला. बाकी काही नको, म्हणाला, ती कंदिलवाली दे. थोडी. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, एक खोका पाठवतो, जेवताना अर्धा पेला, जास्त नाही. स्वतःला समजावलं, की वाइनच तर आहे, गावठी थोडीच आहे. आपल्याकडून द्राक्षांचे टेम्पो वाशीच्या मार्केटला जातात, त्यात क्रेटच्या खाली खोका जायचा, दादूस पहाटे मार्केटला जाऊन घेऊन यायचा. एकदा नाही, त्या सबंध हंगामात.

आणि एक गोष्ट आजवर मी स्वतःशीही मोठ्याने बोललो नव्हतो. त्या बाटल्यांना मी लेबल लावली नव्हती. मुद्दाम. कुणाला सापडल्या तर माझं नाव येऊ नये म्हणून.

सापडल्या. कावीळ उलटून दादूस गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वैनीला होडीत, जाळ्याखाली, रिकाम्या बाटल्या मिळाल्या. रिस्लिंगची बाटली इतर वाइनसारखी नसते. खांदे नसलेली, उंच, सडपातळ, हिरवी. तशी बाटली गावात कुणी पाहिली नव्हती. होडी दोघांच्या भागीदारीची: दादूसची आणि हसुरामची. हसुराम आमच्या तीन घरं पलीकडचा, दादूसबरोबर वाढलेला, आणि तोही कधीकाळी पिणारा. वैनीला दुसरं काय वाटणार? दहाव्याला खाडीवर सगळं गाव जमलेलं असताना हसुराम पुढे आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "तू पाजलंस. माझ्या कपालाचं कुकू तू पुसलंस. माझ्या ओट्यावर पाय ठेवू नको." हसुराम म्हणाला, "वैनी, मी नाय आनल्या. मार्केटातनं कुनाकडनं तरी आनायचा, मना नाव नाय सांगलं." कुणी विश्वास ठेवला नाही.

मी तिथे होतो. ओल्या पंचात, डोकं भादरलेलं, पिंडापासून दोन हातांवर. मी खाली बघत राहिलो.

पुढचं ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांना सांगायला हवं. नारळी पौर्णिमेला होडीचा नारळ समुद्राला द्यायचा, मग होडी पाण्यात. आमच्या दोन घरांत आजोबांपासून एक रीत होती, की नारळावर दोन्ही घरांचा हात लागल्याशिवाय होडी उतरवायची नाही. दादूस गेल्यापासून आमच्या घरातून नारळाला कुणी गेलं नाही. वैनी गेली नाही, पुतणीला, प्रणालीला, जाऊ दिलं नाही. हसुरामने एकट्याने नारळ दिला नाही, आणि होडीही उतरवली नाही. तो दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जातो. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं.

वाशीतून निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. खोक्यात जुन्या सालची एक बाटली उरली होती. पाम बीच रस्त्याला लागलो. उजवीकडे तिवरं, मधूनच खाडीचं पाणी, डावीकडे काचेच्या इमारती. इथे सारसोळ्याच्या पोरांबरोबर आम्ही चिंबोऱ्या पकडायचो, तिथे आता सायकलवाले हेल्मेट घालून चालले होते. रस्ता चांगला आहे. मला मात्र त्याच्याखालचा चिखल दिसत होता. वळण आलं. एकदोनदा इथवर येऊन मी यू-टर्न घेतला होता. या वेळी सरळ गेलो.

गावात शिरताना सुकटाचा वास आला आणि पोटात भूक उठली. घर तेच, पुढे पत्रा नवा. वैनी ओट्यावर निवट्या (खाडीच्या चिखलात मिळणारे लहान मासे) राखेत घोळून साफ करत होती.

"काय हो भावजी, वाट चुकलात? गनपतीला वेळ हाय अजून."

"सहज आलो."

"सहज येनाऱ्याचं तोंड असं नसतं. बसा. निवट्यांचं कालवण आनि भाकर. प्रणाली ऑफिसातनं सातला येते, तिच्यासाठी थांबायचं नाय. ती आता भाकर खात नाय, डाएट करते."

मी कोळंबीची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने उघडून बघितली. "बरी आनलीत. गाव इसरलात, कोलंबी नाय इसरलात."

मी गाडीकडे गेलो. काय बोलायचं ते येताना सगळं ठरवलं होतं, सुरुवात, मधलं, शेवट. ओट्यापर्यंत आलो तर त्यातलं एकही वाक्य तोंडात उरलं नव्हतं. म्हणून मी ती उरलेली बाटली राखेच्या परातीशेजारी, तिच्यासमोर ठेवली. वर लेबल होतं, आमच्या वायनरीचं.

वैनीचे हात थांबले. तिने लेबल वाचलं नाही. बाटलीच्या मानेकडे बघितलं, मग खाली, मग पुन्हा वर. एक निवटी अर्धी साफ करून तिच्या बोटांत होती.

"ही उंच बाटली," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्याकडची."

"हो, वैनी. मीच पाठवायचो. द्राक्षांच्या टेम्पोतून. लेबल न लावता."

उरलेली निवटी तिने साफ केली. ती पाण्यात टाकली. पुढची घेतली, तीही साफ केली. मी उभाच होतो.

"त्या दिसाला तुमी तिथंच उबे होतात."

"हो."

"मी हसुरामाला काय काय बोल्ले ते आयकलंत."

"ऐकलं."

"मना तवा सांगलं असतंत, त मी तुमाला बोल्ले असते. दोन शिव्या दिल्या असत्या. रडले असते नि सोडून दिलं असतं, तुमी दीर हाव माझे." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पर मी त्याला सोडलं नाय. तो कोन होता माझा, सोडायला?"

तिने हात धुतले. पदर खांद्यावरून घेतला. मला वाटलं आत जाते. ती पायऱ्या उतरली.

"उठा. बाटली घ्या."

"कुठे?"

"मना काय सांगताय? मना सांगून कुनाचं काय होनार? त्याला सांगा."

तीन घरं. त्या तीन घरांमधून जाताना बायका दारात आल्या, कारण वैनीला इतक्या वर्षांत त्या दिशेला चालताना कुणी बघितलं नव्हतं. मी मागून हातात हिरवी बाटली घेऊन. हसुराम ओट्यावर जाळं विणत बसला होता. केस पार पांढरे झालेत. त्याने आम्हाला पाहिलं आणि सुई हातातच राहिली. त्याची बायको मथुरा आतून आली.

वैनी ओट्याच्या खालीच थांबली. "मथुरे, पानी देशील?"

आमच्यात ज्या घराशी बोलणं तुटलंय त्या घरचं पाणी घेत नाहीत. मथुराला ते कळलं. ती लगेच हलली नाही.

"आज कशी तहान लागली, वैनी?" मथुरा म्हणाली. "इतकी वरसं तुमच्या नळाला पानी होतं वाटतं."

"होतं," वैनी म्हणाली. "खारं होतं."

मथुरा आत गेली, तांब्या घेऊन आली. वैनी उभ्यानेच प्यायली, सगळा. मग माझ्याकडे वळली. "भावजी."

मी सांगितलं. दादूसचा फोन, टेम्पो, लेबलं, दहाव्याच्या दिवशी खाली घातलेली माझी मान. दुपारी हॉटेलात मी याच वाइनबद्दल पाऊण तास बोललो होतो, न अडखळता. इथे दोन मिनिटांत संपलं. हसुराम जाळ्याकडे बघत ऐकत होता. संपल्यावर त्याने सुई बाजूला ठेवली.

"ती हीच?"

"हीच. त्याच सालची."

"उघड."

मला नीट कळलं नाही.

"उघड ना. ज्यापायी मना गावानं खोटा ठरवलं, ती निदान चवीला कशी हाय ते तरी कळू दे."

मी झाकण फिरवलं. मथुराने स्टीलचा पेला आणला, माझ्या हातात न देता ओट्यावर आपटला. मी ओतली. हसुरामने बोट बुडवलं, चार थेंब जमिनीवर शिंपडले. "घे, बाळाराम," म्हणाला. माझ्या भावाचं नाव. मग एक घोट घेतला. तोंडात ठेवला नाही, फिरवला नाही, सरळ गिळला. त्याचा सगळा चेहरा आवळला.

"आंबट हाय," तो म्हणाला.

त्याने पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"आंबट ढाण हाय." त्याने पेला माझ्याकडे सरकवला. "यासाठी?"

मी पेला घेतला आणि प्यायलो. थुंकलो नाही. काय सांगणार होतो त्याला? की दुसरा घोट घे, तिसऱ्याला कळेल? मी म्हणालो, "माफ कर, हसुराम."

"ते ऱ्हाऊ दे. चल."

तो उठला. आम्ही त्याच्यामागून धक्क्याच्या अंगाला गेलो. अजून उजेड होता. होडी पालथी पडली होती, तिच्यावर कुणीतरी ताडपत्री घातली होती, ती फाटली होती. हसुरामने ताडपत्री ओढून काढली आणि अंगठ्याने तळाची एक फळी दाबली. अंगठा आत गेला. तिथून ओली, काळी माती निघाली, लाकडाची.

"पान्यात असती त टिकली असती," तो म्हणाला. "लाकूड पान्यात नाय सडत एवढं. कोरडं ठेवलं नि पावसात ठेवलं, त सडतं." मग बराच वेळ तो फळ्यांवर टकटक करत फिरला, कुठली गेली, कुठली राहिली ते बघत. शेवटी म्हणाला, "वरचं बरं हाय. तळ नवा घालायला लागंल. पुनवेला महिना हाय. मना एकट्याला नाय जमनार. उचलायला, धरायला मानूस पायजे."

तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मी येतो," म्हटलं.

"हॉटेलं कोन फिरंल?"

"कुणीतरी फिरेल."

"हात सोलतील."

"सोलू देत."

वैनी होडीच्या पलीकडे उभी होती, पदर तोंडाला लावून. ती म्हणाली, "हसुराम, पुनवेला मी येन नारलाला. माझा हात लागंल." मग मला म्हणाली, "तुमी कामाला या, भावजी. दोन टाइम जेवाल माझ्याकडं. पर नारलाला तुमचा हात नाय लागायचा."

"बरं," मी म्हणालो.

घरी येऊन जेवलो. निवट्यांचं कालवण तिने वाढलं, भाकरी वाढली, अजून एक घ्या असं म्हणाली नाही. पूर्वी म्हणायची. मीही मागितली नाही.

परतीला दिघ्यापाशी ती मावशी दिसली नाही, तिची जागा धुऊन काढलेली होती. ठाण्याला मॅडमचा फोन आला, हॉटेलने यंदाची रिस्लिंग घ्यायचं ठरवलंय, जुनी मात्र नको, गिऱ्हाइकांना समजणार नाही. बरं झालं, म्हटलं. जुनी आता विकायची नाहीच.

गाडी चालवताना मी किती तरी वर्षं मनात घोळवलेली ही भेट आठवत होतो. माझ्या मनातल्या भेटीत कुणीतरी मला शिव्या द्यायचं आणि मी मोकळा व्हायचो, किंवा कुणीतरी पाठीवर हात ठेवायचं आणि मी रडायचो. होडी त्यात कधीच नव्हती. इतकी वर्षं मी माझ्याच गुन्ह्याचा विचार करत होतो, आणि तिकडे एका माणसाचं लाकूड सडत होतं, हे मला अंगठा आत जाताना पाहिलं तेव्हा कळलं. अपराधी वाटत राहणं ही सुद्धा एक चैन असते. ती मी पुष्कळ केली.

बायको जागी होती. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मार्केटच्या टेम्पोतले ते खोके मीच बांधून द्यायचे, तेच ना?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली. तिच्याशी अजून पुष्कळ बोलायचं आहे.

सकाळी मालकांना भेटून रजा मागितली. पौर्णिमेपर्यंतची. एवढी कशाला, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गावी होडीला तळ घालायचाय. भावाची आहे.

"पण तुमचे भाऊ तर वारले ना?"

"हो," मी म्हणालो. "भागीदार आहे."